इंजिन उचलण्याआधी: बदल केलेल्या जुन्या गाडीचा क्लच खरोखरच घसरतो आहे का?

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा क्लच डोळ्यांनी पाहायचा असेल, तर आधी तिचे इंजिन बाहेर काढावे लागते. पुष्कळ गाड्यांत खालून नुसता गिअरबॉक्स उतरवला की क्लचपर्यंत हात पोहोचतो. एमजीबीत मात्र गिअरबॉक्स एकटा खाली घेण्याइतकी जागाच ठेवलेली नाही, त्यामुळे रेडिएटर, कार्बोरेटर, सायलेन्सरचा पाइप आणि वायरिंग असे एकेक सोडवत शेवटी साखळीने इंजिन वर उचलण्यावाचून गत्यंतर नसते. घरच्या घरी काम करणाऱ्या हौशी मालकाचा शनिवार-रविवार त्यातच संपतो. एवढे सगळे करून नवा क्लच बसवल्यावर गाडी पहिल्याच चढावर पूर्वीसारखीच नुसती रेस व्हायला लागली, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या पण वेग वाढला नाही, तर दोष क्लच प्लेटमध्ये नव्हताच हे उशिरा कळते. म्हणून या गाडीच्या बाबतीत निदान आणि दुरुस्ती यांच्या श्रमांत फार मोठे अंतर आहे: निदानाला एक दुपार पुरते आणि दुरुस्तीला दोन-तीन दिवस लागतात.

उदाहरणासाठी एमजीबी घेण्याचे आणखी एक कारण आहे. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे तयार झालेल्या या गाडीतले १७९८ सीसीचे इंजिन ज्या बी-सिरीज घराण्यातले आहे, त्याच घराण्यातले १४८९ सीसीचे इंजिन आपल्याकडच्या अँबॅसिडरच्या बोनेटखाली कित्येक वर्षे होते. त्यामुळे पुढे इंजिनाच्या मागच्या बाजूने होणाऱ्या तेलगळतीबद्दल जे लिहिले आहे, ते जुनी अँबॅसिडर सांभाळणाऱ्यांना ओळखीचे वाटेल. आपण अशी एक एमजीबी डोळ्यांसमोर ठेवू, की जिच्या इंजिनावर नंतर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप, चढवला आहे, ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या जुन्या यांत्रिक पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले आहे, क्लच पेडलचा ढिलेपणा काढण्यासाठी पेडलच्या जोराने तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा पुशरॉड (पेडलला जोडलेला दांडा) बदलला आहे आणि टायरही मूळ मापापेक्षा रुंद आहेत. यांपैकी प्रत्येक बदल करताना मालकाच्या डोक्यात क्लच नव्हता, पण प्रत्येक बदल क्लचच्या निदानात कुठे ना कुठे आडवा येतो.

क्लच नेमका कशाच्या जोरावर धरतो

दोन तळहातांत एक ताटली दाबून धरली आहे आणि दुसरा कोणी ती गोल फिरवण्याचा प्रयत्न करतो आहे, अशी कल्पना करावी. ताटली हातात किती घट्ट राहील हे तीन गोष्टींवर ठरेल: आपण तळहात किती जोराने दाबतो, तळहात कोरडे आहेत की तेलकट, आणि ताटली मध्याजवळ धरली आहे की कडेजवळ. क्लचमध्ये एक तळहात म्हणजे इंजिनाचे फ्लायव्हील, दुसरा तळहात म्हणजे प्रेशर प्लेट, आणि मधली ताटली म्हणजे दोन्ही बाजूंना लायनिंग असलेली क्लच प्लेट, जिचा मधला दातेरी भाग गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतो. दाब देण्याचे काम स्प्रिंग करते. आपण पेडल दाबतो तेव्हा रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगला उलट दिशेने ढकलते आणि दाब निघून जातो. म्हणजे पाय पेडलवर नसताना क्लच धरलेला असतो आणि पाय ठेवल्यावर तो सुटतो.

क्लच न घसरता किती टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पेलू शकतो, याचे गणितही या तीन गोष्टींचेच आहे. दाब, घर्षणाचा गुणांक आणि लायनिंगची सरासरी त्रिज्या यांचा गुणाकार करायचा आणि पृष्ठभाग दोन असल्यामुळे तो दुप्पट करायचा. एमजीबीची क्लच प्लेट ८ इंचांची, म्हणजे २०३ मिमी व्यासाची असते. सरासरी त्रिज्या साधारण ८७ मिमी, घर्षणाचा गुणांक ०.३ आणि दाब ४००० न्यूटन, म्हणजे अंदाजे ४०० किलोच्या भाराइतका धरला, तर क्लचची क्षमता सुमारे २०९ न्यूटन-मीटर येते. दाबाचा हा आकडा केवळ समजण्यासाठी घेतला आहे, पण प्रमाण वास्तवाला धरून आहे. मूळ इंजिनाचा कमाल टॉर्क सुमारे १४९ न्यूटन-मीटर होता. म्हणजे कारखान्याने क्लचला साधारण चाळीस टक्के राखीव ताकद दिली, असे या गणितात म्हणता येईल.

आता सुपरचार्जरमुळे टॉर्क २०० न्यूटन-मीटरपर्यंत गेला असे समजू. क्लच थंड आणि कोरडा असेपर्यंत तो कसाबसा धरेल, कारण २०९ अजूनही २०० पेक्षा जास्त आहे. पण घाटात क्लच तापून घर्षणाचा गुणांक ०.२५ वर आला की क्षमता १७४ वर उतरते आणि क्लच घसरू लागतो. उलट, इंजिन अगदी मूळ स्थितीत असले तरी लायनिंगवर तेलाचा थर चढून गुणांक ०.२ झाला, तर क्षमता १३९ राहते, आणि हा आकडा मूळ टॉर्कपेक्षाही कमी आहे. दोन्ही गाड्यांत चालकाला जाणवणारे लक्षण एकच असेल. कारणे मात्र सर्वस्वी वेगळी असतील. पहिल्या गाडीतला क्लच निरोगीच आहे, फक्त त्याच्यावर ओझे जास्त पडले आहे. दुसऱ्या गाडीत तेलाची गळती न थांबवता भारी क्लच बसवला तर तोही काही दिवसांत तेलकट होईल. बदल केलेल्या गाडीत निदान म्हणजे या गुणाकारातला नेमका कोणता घटक बिघडला आहे हे शोधणे, आणि कारखान्याचे मॅन्युअल इथे अर्धेच उपयोगी पडते, कारण मॅन्युअल लिहिणाऱ्याने २०० न्यूटन-मीटरचा विचार केलेलाच नव्हता.

घसरणाऱ्या क्लचवर गाडी चालवत राहणे किती महागात पडते, हेही आकड्यांतच पाहावे. क्लचमधून १५० न्यूटन-मीटर टॉर्क जात असताना इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या फेऱ्यांत मिनिटाला ५०० चा फरक पडत असेल, तर क्लचमध्ये जवळपास ७.९ किलोवॉट उष्णता तयार होते. दोन किलोवॉटचे चार घरगुती गीझर एका बंद डब्यात एकदम चालू केल्यासारखे ते आहे. जळक्या वासाचे, निळ्या पडलेल्या प्रेशर प्लेटचे आणि दहा मिनिटांत चांगल्या प्लेटची वाट लागण्याचे कारण हेच.

क्लच नसून क्लचसारखे वाटणारे दोष

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार जुन्या गाड्यांत वारंवार होतो, म्हणून क्लचवर आळ घेण्याआधी इतर संशयितांची चौकशी करणे बरे. यांत सर्वांत फसवा टॅकोमीटर असतो. एमजीबीच्या एका काळातल्या गाड्यांमध्ये जो टॅकोमीटर असे, तो इग्निशन कॉइलकडे जाणाऱ्या विद्युतप्रवाहाच्या ठोक्यांवरून इंजिनाच्या फेऱ्या मोजतो. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले की त्या ठोक्यांचे स्वरूप बदलते आणि काही गाड्यांत काटा उड्या मारू लागतो किंवा वाजवीपेक्षा जास्त फेऱ्या दाखवतो. काटा एकाएकी हजारभर फेऱ्यांनी उडाला पण कानाला इंजिनाचा सूर तसाच ऐकू आला, तर क्लच निर्दोष आहे. क्लच खरोखर घसरतो तेव्हा आवाज आणि काटा एकत्र चढतात, आणि आधी कानालाच कळते.

दुसरा संशयित ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवणारा जादा गिअर. पुष्कळ एमजीबींच्या गिअरबॉक्समागे लेकॉक कंपनीचे ओव्हरड्राइव्ह जोडलेले असते आणि त्याच्या पोटात स्वतःचा एक शंकूच्या आकाराचा क्लच असतो, जो तेलाच्या दाबावर धरतो. तो दाब कमी पडला की ओव्हरड्राइव्ह चालू असताना इंजिनाच्या फेऱ्या वाढतात आणि चालकाला मुख्य क्लच गेल्यासारखे वाटते. याची परीक्षा अगदी सोपी आहे: त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये ओव्हरड्राइव्हचा स्विच बंद करून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबावा. घसरणे थांबले तर मुख्य क्लच निर्दोष ठरतो आणि इंजिन उचलण्याचे काम वाचते. सुपरचार्जर लावलेल्या गाडीत ओव्हरड्राइव्ह आधी हार मानणे अगदी शक्य आहे, कारण वाढलेला टॉर्क त्यालाही पेलावा लागतो.

उरलेले संशयित लवकर निकालात निघतात. ओल्या रस्त्यावर चाक जागच्या जागी फिरले तरी फेऱ्या वाढतात, पण तेव्हा स्पीडोमीटरचा काटाही उसळतो. ब्रेक चिकटून राहिले तर जळका वास येतो आणि गाडी ओढत नाही, मात्र इंजिनाच्या फेऱ्या वाढत नाहीत. शिवाय चाकाच्या मध्याजवळ हात नेला की उष्णता जाणवते. कार्बोरेटरला पेट्रोल कमी पडत असेल तर इंजिन गुदमरते, मोकळे सुटत नाही.

रस्त्यावरची परीक्षा

क्लच प्रथम वरच्या गिअरमध्ये घसरतो, याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुष्कळ जण पहिल्या गिअरमध्ये गाडी झटक्यात काढून पाहतात आणि ती नीट निघाली की क्लच चांगला असल्याचा निर्वाळा देऊन मोकळे होतात. पहिल्या गिअरमध्ये इंजिन भराभर फेऱ्या वाढवत जाते, त्याच्या टॉर्कचा काही भाग स्वतःचे फ्लायव्हील फिरवण्यातच खर्च होतो आणि सर्वाधिक टॉर्कचा पट्टा दोन-तीन सेकंदांत मागे पडतो. चौथ्या गिअरमध्ये चढावर मात्र फेऱ्या सावकाश वाढतात, जवळपास सगळा टॉर्क क्लचमधून जातो आणि तो बराच वेळ जात राहतो. म्हणून परीक्षा चौथ्याच गिअरमध्ये घ्यावी.

एमजीबीत चौथा गिअर सरळ असतो, म्हणजे इंजिनाची आणि मागे जाणाऱ्या शाफ्टची एक फेरी सारखीच. मूळ टायर आणि मूळ डिफरन्शियल असलेल्या गाडीत या गिअरला इंजिनाच्या दर १००० फेऱ्यांमागे वेग ताशी सुमारे २८.८ किलोमीटर येतो, त्यामुळे ताशी ६० किलोमीटरला काटा साधारण २०८० वर असला पाहिजे. आपल्या उदाहरणातल्या गाडीचे टायर बदललेले आहेत आणि टॅकोमीटरवर पूर्ण भरवसा नाही, मग हा आकडा घेऊन काय करायचे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की आपल्याला खरा वेग कळण्याची गरजच नाही. स्पीडोमीटरची केबल क्लचच्या पलीकडून, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूने फिरते आणि टॅकोमीटर क्लचच्या अलीकडचे सांगतो. दोन्ही काटे चुकत असले तरी क्लच पक्का धरलेला असेपर्यंत त्यांच्यातले नाते बदलत नाही. आधी सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवर अगदी हलका पाय ठेवून, स्पीडोमीटर ६० दाखवत असताना टॅकोमीटरचा आकडा लिहून घ्यावा. मग मोकळ्या रस्त्यावरच्या एखाद्या लांब चढावर त्याच गिअरमध्ये ५० पासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा आणि स्पीडोमीटर ६० वर येताच शेजारी बसलेल्याने टॅकोमीटर पाहावा. चालकाने स्वतः दोन्ही काट्यांकडे पाहण्याच्या फंदात पडू नये. आकडा तोच आला तर क्लच धरतो आहे. दोन-तीनशेने वाढला तर घसरतो आहे. टॅकोमीटर विश्वासाचा नसेल तर मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून दोन्ही वेळचा सूर ताडून पाहिला तरी चालते. पुण्याजवळच्या अँबॅसिडरवाल्याला यासाठी खंबाटकीचा चढ पुरेसा आहे, मात्र रहदारी नसताना.

ही परीक्षा दोनदा घ्यावी, एकदा गाडी नुकती गरम झाल्यावर आणि एकदा अर्धा-पाऊण तास चालवल्यावर. पहिल्या वेळी धरलेला क्लच दुसऱ्या वेळी घसरला, तर क्षमता काठावर आहे किंवा उष्णतेबरोबर कुठेतरी तेल पाझरते आहे असा संशय घ्यावा. घसरण दिसताच पाय काढून घ्यावा. गीझरचे गणित विसरू नये.

गॅरेजमध्ये हमखास केली जाणारी दुसरी परीक्षा म्हणजे हँडब्रेक ओढून, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून, थोडी रेस देऊन क्लच सोडायचा. इंजिन बंद पडले तर क्लच चांगला. माझ्या मते बदल केलेल्या गाडीत या परीक्षेला फारसा अर्थ नाही. अगदी मोडकळीला आलेला क्लच ती पकडते हे खरे, पण आपल्या गाडीतला क्लच दीड हजार फेऱ्यांना आणि हलक्या ॲक्सिलरेटरला उत्तम धरेल आणि सुपरचार्जरचा पूर्ण दाब आल्यावर तीन हजारांच्या आसपास सुटेल. जागेवर उभ्या गाडीत ती परिस्थिती निर्माण करता येत नाही, आणि करण्याच्या हट्टापायी चांगली प्लेट मात्र जळते.

पेडलपासून फोर्कपर्यंत

क्लच घसरतो आहे हे पक्के झाले, तरी इंजिन उचलण्याची वेळ अजून आलेली नाही. पुष्कळदा क्लचला पूर्ण दाबूच दिले जात नसते, म्हणजे स्प्रिंगमध्ये ताकद असते पण कोणीतरी ती सतत थोडीशी उलट ढकलत असते. या गाडीतल्या थाळीसारख्या डायफ्राम स्प्रिंगची बोटे तरफेसारखी काम करतात, म्हणून रिलीज बेअरिंगने त्यांच्यावर ठेवलेला थोडासा भारही प्रेशर प्लेटवरचा दाब साधारणपणे स्वतःच्या तीन-चार पट कमी करतो. कारखान्याच्या इंजिनाला चाळीस टक्के राखीव ताकदीमुळे हा तोटा कदाचित जाणवणारही नाही. ज्या इंजिनाने ती राखीव ताकद आधीच खाल्ली आहे, तिथे तो लगेच दिसतो.

मारुती ८०० सारख्या केबलच्या क्लचमध्ये हे तपासणे सोपे असते. प्लेट झिजत जाते तशी स्प्रिंगची बोटे बेअरिंगकडे सरकतात आणि पेडलचा मोकळा प्रवास, म्हणजे फ्री प्ले, कमी कमी होत जातो. तो वेळीच वाढवून घेतला नाही तर बेअरिंग कायम टेकून राहते. एमजीबीचा क्लच ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो आणि झीज आपोआप भरून काढतो, त्यामुळे इथे दुखणे वेगळ्या जागी असते. पेडलखालच्या मास्टर सिलिंडरमध्ये एक अगदी बारीक परतीचे छिद्र असते. पाय पूर्ण उचलल्यावर पिस्टन मागे येऊन हे छिद्र उघडे होते आणि पाइपमधला उरलेला दाब वरच्या टाकीत निघून जातो. पिस्टन मिलिमीटर-दोन मिलिमीटर अलीकडेच अडला तर छिद्र झाकलेले राहते, दाब कोंडतो, आणि इंजिनाच्या उष्णतेने तेल प्रसरण पावले की तो आणखी वाढतो. चालकाने पेडलला हातही न लावता क्लच अर्धवट दाबल्यासारखा राहतो.

बदल केलेल्या एमजीबीत हे घडण्याची एक ठरलेली वाट आहे, आणि निदान करताना मी प्रथम तिथेच पाहीन. पेडल आणि पुशरॉड यांना जोडणारी खीळ या गाडीत झिजते, तिचे भोक लांबट होते आणि पेडल सुरुवातीला ढिले लागते. योग्य उपाय म्हणजे खीळ बदलणे आणि पेडलचे भोक भरून पुन्हा करून घेणे. त्याऐवजी लांबी कमी-जास्त करता येणारा पुशरॉड बसवून ढिलेपणा पार घालवला जातो, पेडल छान कडक लागते, मालक खूश होतो. पण त्या ढिलेपणाबरोबर आवश्यक असलेला काही मिलिमीटरचा मोकळा प्रवासही गेलेला असतो. पेडल हाताने अलगद हलवून पाहावे. अगदी सुरुवातीला किंचित हालचाल विनाप्रतिकार झाली पाहिजे. ती नसेल तर पुशरॉड थोडा आखूड करून पुन्हा चढावर जावे. पेडलखाली सरकलेली जाड मॅट किंवा चुकीच्या जागी लावलेला पेडलचा अडसर यांनीही हाच परिणाम होतो.

दाब कोंडला आहे की नाही, याचा निवाडा करणारी परीक्षा अशी. गाडी नेहमीसारखी चालवून, घसरण दिसल्यावर सुरक्षित जागी थांबावे, इंजिन बंद करावे, हँडब्रेक ओढावा, आणि गाडीखाली न जाता हात पोहोचत नसेल तर ती स्टँडवर पक्की उभी केल्यावरच खालच्या स्लेव्ह सिलिंडरचा, म्हणजे तेलाच्या दाबाने क्लचचा फोर्क हलवणाऱ्या सिलिंडरचा, ब्लीड निपल (तेल बाहेर सोडण्याची बारीक तोटी) किंचित सैल करावा. पेडलला कोणी स्पर्श केलेला नसताना तेलाची जोरदार पिचकारी आली आणि निपल बंद केल्यावर क्लच पुन्हा धरू लागला, तर दोष क्लच प्लेटचा नसून तेलाच्या मार्गात आहे. डोळ्यांना चष्मा हवा आणि फडके हाताशी हवे, कारण हे ब्रेक ऑइल रंगाचे कातडे सोलून काढते. दोष मास्टर सिलिंडरमध्ये आहे की रबरी होजमध्ये, हे मग वरून खाली एकेक जोड सैल करून ठरवता येते. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून सुजून एकेरी वाटेसारखा वागू लागतो: पायाच्या जोराने तेल खाली जाते, स्प्रिंगच्या जोराने परत येत नाही. चुकून खनिज तेल टाकले असेल तर सगळी रबरेच फुगतात आणि ती बदलण्यावाचून उपाय उरत नाही.

तेल कुठून आले

बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचला झाकणाऱ्या घंटेच्या आकाराच्या कवचाच्या, तळाशी एक भोक असते आणि त्यात एक स्प्लिट पिन सैलसर लोंबत असते. गाडीच्या हादऱ्यांनी ती हलत राहते आणि भोक चिखलाने बुजू देत नाही. कारखान्याने ठेवलेली ही एवढीशी खिडकी क्लचच्या आतली हकिकत सांगते. पिनच्या टोकाला एखादा थेंब असणे या गाडीत फारसे चिंतेचे नाही, पण रोज सकाळी खाली डाग पडत असेल आणि गाडी निघताना क्लच थरथरत असेल, तर लायनिंगपर्यंत तेल पोहोचले आहे असे समजावे. तेलकट क्लच बहुधा आधी थरथरतो आणि मग घसरतो; नुसत्या जास्त टॉर्कने घसरणाऱ्या क्लचमध्ये ही थरथर सहसा नसते, आणि हा फरक फार कामाचा आहे.

तेल इंजिनाचे की गिअरबॉक्सचे, हे इतर गाड्यांत वासावरून कळते. एमजीबीच्या गिअरबॉक्सलाही २०डब्ल्यू-५० हे इंजिन ऑइलच लागते, त्यामुळे इथे नाक निरुपयोगी ठरते आणि रंग पाहावा लागतो: काळे असेल तर इंजिनाचे, सोनेरी असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून आलेले. १९६४ च्या अखेरीपर्यंतच्या तीन बेअरिंगच्या इंजिनांना क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हतेच. शाफ्टवर उलट्या आट्यांची खाच होती आणि शाफ्ट फिरताना ती तेल आत परतवत असे. इंजिन बंद झाले की ही युक्तीही बंद. नंतरच्या पाच बेअरिंगच्या इंजिनांना रबरी सील आले. दोन्ही प्रकारांत क्रँककेसमधल्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीतल्या, हवेचा दाब वाढला तर तेल मागून बाहेर पडतेच. सुपरचार्जरमुळे पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली येणारा वायू वाढतो, आणि अशा वेळी ब्रीदरचा, म्हणजे ती हवा बाहेर सोडणारा, पाइप बंद केलेला असेल, किंवा हौसेने बसवलेल्या तेलाच्या डब्याला तो बारीक नळीने जोडलेला असेल, तर सील नवे असूनही गळती होते. इंजिन चालू असताना तेल भरण्याचे झाकण काढून त्या तोंडावर एक हलका कागद धरावा. तो जोराने उडत असेल तर सील बदलण्याआधी ब्रीदर मोकळा करावा.

इंजिन उचलल्यावर

बाहेरचे सगळे तपासून झाले, दाब कोंडत नाही, ओव्हरड्राइव्ह निर्दोष आहे, आणि तरी चढावर फेऱ्या सुटतात, तर मात्र क्रेन आणावी. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते हे लक्षात ठेवावे. ब्रिटनमध्ये त्याच्या शेवटच्या प्रकारावर बंदी आली ती १९९९ मध्ये, आणि कपाटात जपून ठेवलेले जुने सुटे भाग त्याआधीचे असू शकतात. बेलहाउसिंगमधली धूळ हवेच्या दाबाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि तोंडावर योग्य मास्क असावा.

आत जे दिसते ते बाहेरच्या निदानाशी जुळले पाहिजे. लायनिंग रिव्हेटपर्यंत झिजलेली असेल तर प्रश्नच मिटला. लायनिंग जाड असून काचेसारखी चकचकीत झाली असेल आणि प्रेशर प्लेटवर निळे डाग असतील, तर क्लचने ताकदीबाहेरचे ओझे ओढले आहे. काळपट ओली लायनिंग तेलाची साक्ष देते. आणि सगळे कोरडे, जाड, ठाकठीक दिसत असेल, तर मापे घ्यायला बसावे: प्लेट एका सेटची आणि प्रेशर प्लेट दुसऱ्या सेटची आहे का, प्लेटची जाडी कमी आहे का, आणि फ्लायव्हील हलके करताना किंवा घासून घेताना कोणी काय केले आहे. ज्या फ्लायव्हीलवर प्रेशर प्लेट बसण्याची कडा आणि घर्षणाचा पृष्ठभाग वेगवेगळ्या पातळीवर असतात, तिथे लेथवर दोन्ही सारखेच उतरवावे लागतात. फक्त घर्षणाचा भाग उतरवला तर प्लेट तेवढी आत जाते आणि स्प्रिंगचा दाब घटतो, तेही नवा क्लच असताना.

ताकद कमी पडते आहे असे ठरले तर विक्रेत्याला ‘हेवी ड्यूटी’ क्लच आहे का असे न विचारता तो किती न्यूटन-मीटर पेलतो असे विचारावे. दाब वाढवला तर पेडल जड होते, एमजीबीतली कार्बनची रिलीज रिंग लवकर झिजते आणि क्रँकशाफ्टला पुढेमागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट वॉशरवर भार वाढतो. पेडल दाबताना पुढची पुली पुढे सरकताना दिसली तर ते वॉशर आधीच थकले आहेत. लायनिंग सिरॅमिकची घेतली तर उष्णता सोसते, पण शहराच्या रहदारीत गाडी प्रत्येक सिग्नलला हिसका देते. रस्त्यावर चालवायच्या गाडीला साधी, चांगल्या प्रतीची सेंद्रिय लायनिंग आणि थोडा जास्त दाब हाच पर्याय मला बरा वाटतो, जरी त्यामुळे सुपरचार्जरचा दाब किंचित कमी ठेवावा लागला तरी.

नवी प्लेट पहिल्या दिवसापासून पूर्ण पृष्ठभागाने टेकत नाही. तिला बसायला शहरातल्या सौम्य वापराचे सातआठशे किलोमीटर द्यावे लागतात, आणि तोवर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून चढ चढण्याचा मोह आवरावा लागतो, नाहीतर लायनिंग पुन्हा चकचकीत होऊन बसते. तेवढे अंतर झाल्यावर त्याच चढावर, त्याच चौथ्या गिअरमध्ये, स्पीडोमीटर ६० वर असताना टॅकोमीटरचा आकडा पुन्हा घ्यावा आणि पहिल्या दिवशी वहीत लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहावा.